पूर्व आफ्रिकेचा प्रवास कसा आंखावा

आफ्रिका म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें सिंह, हत्ती व घनदाट अरण्य उभें राहतें. परंतु आफ्रिका हें पन्नासांहून अधिक देशांचें खंड आहे. तें सारें एका सुटींत पाहूं म्हणणें व्यर्थ होय. म्हणून या लेखांत आम्ही केनिया व टांझानिया या दोन शेजारी देशांपुरताच विचार करणार आहों. तेथील 'सफारी' हा शब्द स्वाहिली भाषेंतला असून त्याचा अर्थ नुसता 'प्रवास' असा आहे. आपल्या 'सफर' शब्दाचें व त्याचें मूळ एकच, तें म्हणजे अरबी भाषा. पूर्वीं या शब्दाबरोबर बंदूक येत असे. केनियांत १९७७ सालीं शिकारीस बंदी झाली. आतां प्रवाशानें डोळे व धीर एवढेंच बरोबर न्यावें.

प्रवास आंखतांना कोठें जावें याच्या आधीं केव्हां जावें हें ठरविलें पाहिजे. टांझानियांतील सेरेंगेटी व त्याला लागूनच असलेलें केनियांतील मसाई मारा या गवताळ प्रदेशांत दहा लक्षांहून अधिक नू नांवाचीं जनावरें व त्यांच्यासमवेत लक्षावधि झेब्रे वर्षभर फिरत असतात. त्यांना पाऊस व गवत हीं चालवितात. जानेवारी ते मार्च हे कळप दक्षिण सेरेंगेटींत असतात. तेथील जमीन ज्वालामुखीच्या राखेची असल्यामुळें तिच्यावरील आंखूड गवत क्षारयुक्त व सकस असतें, आणि फेब्रुवारीच्या सुमारास तेथेंच नूंचीं पिलें जन्मास येतात. गवत वाळूं लागलें कीं कळप वायव्येस सरकतात; साधारण जुलै ते ऑक्टोबर ते मारा नदीच्या आसपास असतात, व नोव्हेंबरच्या पावसाबरोबर पुन्हां दक्षिणेकडे वळतात.

आतां आपल्या सुट्या याशीं ताडून पाहूं. मार्च ते मे हा तेथील मोठा पावसाळा. म्हणजे ज्या मे महिन्यांत आपण सारे प्रवासास निघतों, त्याच वेळीं तेथील वाटा चिखलानें भरलेल्या असतात. दिवाळी ऑक्टोबरांत आली तर मारा गांठतां येतो; नाताळच्या सुटींत दक्षिण सेरेंगेटीकडे मोर्चा वळवावा. जवळच न्गोरोन्गोरो हें सुमारें ६०० मीटर खोल ज्वालामुखीचें विवर आहे. त्याच्या तळाशीं गेंडे, सिंह व हत्ती बाराही महिने आढळतात. ऋतु चुकला तरी तेथून रित्या डोळ्यांनीं परतावें लागत नाहीं.

यानंतर कागदपत्रांची तयारी. नूंचे कळप सीमा न विचारतां ओलांडितात. माणसाला मात्र दोन देशांचे दोन निरनिराळे परवाने लागतात. पीतज्वराची लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधीं अधिकृत केंद्रावर टोंचून घ्यावी व तिचा दाखला जपून ठेवावा. त्यावांचून केनियाहून भारतांत परतणाऱ्यास विलगीकरणांत राहण्याची पाळी येऊं शकते. हिवतापावरील औषधें वैद्याच्या सल्ल्यानें घ्यावीं. प्लॅस्टिकच्या पिशव्या घरींच ठेवाव्या; केनियानें २०१७ सालीं व टांझानियानें २०१९ सालीं त्यांना बंदी केली आहे.

रानांत गेल्यावर वाहनांतून खालीं उतरूं नये, मोठ्यानें बोलूं नये. चित्ता दिवसाउजेडीं शिकार करितो. त्याच्याभोंवतीं मोटारींचें कडें पडलें कीं सावज निसटतें, आणि त्याची पिलें उपाशी राहतात. "आणखी जवळ न्या" असा हट्ट चालकापाशीं न धरणें, ही प्रवाशाची पहिली दया होय.

पण हें रान निर्मनुष्य आहे असें समजणें ही सर्वांत मोठी चूक ठरेल. 'सेरेंगेटी' हें नांवच मसाई लोकांच्या भाषेंतील, 'अफाट मैदान' या अर्थाच्या शब्दावरून पडलें आहे. तेथें गुरें चारणाऱ्या मसाईंना १९५९ सालीं उद्यानाबाहेर काढण्यांत आलें व न्गोरोन्गोरोच्या प्रदेशांत राहण्याची मुभा देण्यांत आली. २०२२ सालीं तेथूनही कांहीं कुटुंबांना दूर म्सोमेरा येथें हलविण्यास आरंभ झाला, व त्यावरून मोठा वाद माजला. पशूंचें रक्षण व्हावें हें खरें. पण त्याची किंमत कोणीं मोजली हें पाहुण्यानें जाणून घ्यावें. मसाईंच्या वस्तींत अनुमतीवांचून छायाचित्र घेऊं नये, आणि त्यांच्या गुरांची चौकशी सिंहाच्या चौकशीइतक्याच आस्थेनें करावी.

शेवटचे दोन-तीन दिवस समुद्रकिनाऱ्यासाठीं राखावे, कारण तेथें आपलाही इतिहास आहे. मोंबासाचा फोर्ट जीझस हा किल्ला पोर्तुगीजांनीं १५९३ सालीं बांधावयास घेतला. त्याचा आराखडा करणारा इटालियन स्थापत्यकार कैराती, ज्या पोर्तुगीज राज्याचा कारभार गोव्याहून चाले त्याचाच मुख्य स्थापत्यकार होता. याच मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळांत सुमारें ३२,००० हिंदी मजुरांनीं घातला. त्यांपैकीं सुमारें २,५०० जण तिकडेच मरण पावले. झांझिबार बेटावर, जेथें १८७३ पर्यंत गुलामांचा बाजार भरे, तेथें आज एक चर्च उभें आहे. बाजारपेठेंत मात्र कान उघडे ठेवावे: दुकानाला 'दुका', मोटारीला 'गारी', शिवाय 'चाय' आणि 'चपाती' हे शब्द ऐकून परकेपणा बराचसा ओसरतो.

दहा दिवस हातीं असतील तर पांच रानाला, एक न्गोरोन्गोरोला, तीन किनाऱ्याला व एक वाटेंतील खोळंब्याला द्यावा. आमच्या वाचकांपैकीं ज्यांना पुढें हा योग येईल, त्यांनीं परत आल्यावर किती सिंह दिसले हें तर सांगावेंच. पण तेथील किती माणसांशीं बोललों, हेंही आम्हांस अवश्य सांगावें.