सामन्याआधीचे २७ प्रश्न

क्रीडा मानसशास्त्र शिकते म्हटलं की दुबईतल्या आमच्या मराठी मंडळींना वाटतं, ही खेळाडूंना भाषणं देऊन चेतवणार. विद्यापीठात भाषण करायला कुणीच शिकवत नाही. शिकवतात ते नेमकं विचारायला, मोजायला आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायला. यातलं तिसरं सगळ्यांत अवघड.

संयुक्त अरब अमिरातीला पहिलं ऑलिंपिक पदक मिळालं ते अथेन्सला, २००४ मध्ये. डबल ट्रॅप नेमबाजीत शेख अहमद अल मक्तूम यांनी १८९ गुणांनी सुवर्ण जिंकलं. १७९ गुणांसह रौप्य आपल्या राज्यवर्धन राठोडांचं. पुढे याच अहमद यांच्या तालमीत ब्रिटनच्या पीटर विल्सननं २०१२ चं सुवर्ण घेतलं. मन स्थिर ठेवणं ही शिकण्या-शिकवण्याची गोष्ट आहे, हे नेमबाजांना पटवावं लागत नाही. नाशिकच्या भीष्मराज बामांनी तर पोलीस सेवेतून निवृत्त झाल्यावर खेळाडूंना हेच शिकवण्याचं काम हाती घेतलं होतं.

प्रात्यक्षिकाची सुरुवात ट्रेडमिलवर होते. धावणाऱ्यासमोर श्रम मोजायची बोर्ग यांची पट्टी धरायची: ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे आता जीव जाईल. निरोगी तरुणानं सांगितलेल्या आकड्याला दहानं गुणलं की नाडीचा ढोबळ अंदाज येतो. पण ऑगस्टमध्ये रात्री बाहेर, घामट हवेत तोच वेग ठेवला, तर आकडाही वर जातो आणि नाडीही. इथे व्यायाम सोडणाऱ्याला आळशी म्हणण्याआधी हे बघायला हवं.

माझा जीव मात्र सामन्याआधीची चिंता मोजणाऱ्या ‘सीएसएआय-२’ या प्रश्नावलीत अडकलाय. विधानं २७, तीन गट: मनातली काळजी, शरीरातली चलबिचल आणि आत्मविश्वास. प्रत्येक गटात नऊ, प्रत्येकाला एक ते चार गुण. शरीर सैल असल्याचं एक विधान चलबिचलीच्या गटात असतं. त्याचे गुण उलटे धरायचे. ते राहिलं तर शांत मुलगा घाबरलेला ठरतो.

शारजाच्या मैदानावर एक मराठी सलामीवीर, वय चौदा, ही प्रश्नावली भरत होता. वडिलांची लेखी संमती होती, पण ते त्याच्या खुर्चीमागेच उभे होते. पोरगं भराभर ‘अजिबात नाही’वर खुणा करत सुटलं.

“काका, तुम्ही जरा तिकडे सावलीत बसता का?”

ते गेले. पेन थांबलं. मग हळूच: “ताई, पोटात ढवळतंय, ते कशात धरायचं?”

मी त्याला कोरा कागद दिला. या खेपेला काळजीचे गुण कमी आले, चलबिचलीचे चांगलेच वर. म्हणजे ‘घाबरू नकोस’ हे सांगणं त्याच्या कामाचं नव्हतं. तो मनातून घाबरलेलाच नव्हता. श्वास लांबवणं, खांदे आवळून सोडणं, हे उपयोगाचं. दोन्हीला एकच औषध देणारे प्रशिक्षक मी पाहिलेत, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

विभागात परतल्यावर मॅडमनी त्याच्या धावा विचारल्या नाहीत. दुसरा कागद नाणेफेकीआधी भरला की नंतर, एवढंच विचारलं. पहिली फलंदाजी आपली हे कळल्यावर सलामीवीराचे आकडे बदलू शकतात. मी कागदावर वेळ लिहिलेली होती.