ताकदीची गोळी, पण केव्हा?

मुकुटबनची ओळख चुनखडकाची. झरी जामणी तालुक्यातल्या या गावाजवळ सिमेंट कारखाना आला तो त्या दगडापायीच. चुनखडक म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. मेडिकलमधल्या कितीतरी कॅल्शियमच्या गोळ्यांतही तेच असतं. एरवी निरुपद्रवी वस्तू, पण एचआयव्हीची औषधं घेणाऱ्याने ती केव्हा गिळावी, याला फार महत्त्व आहे.

एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचे उपचार, देणाऱ्या केंद्रातून बहुतेकांना सध्या जी रोजची एक गोळी मोफत मिळते, तिच्यात टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्रॅविर असतं. यातलं शेवटचं औषध मोठं हिकमती. विषाणू स्वतःची जनुकं आपल्या पेशीच्या डीएनएत घुसवतो ती इंटिग्रेज नावाच्या विकराच्या मदतीने. या विकराच्या गाभ्यात मॅग्नेशियमचे दोन आयन असतात. डोल्युटेग्रॅविर नेमके तेच पकडतं आणि विकराचं काम थांबतं. पण धातू पकडायची ही खोड पोटातही सुटत नाही. तिथे कॅल्शियम, लोह किंवा ॲसिडिटीच्या औषधातलं मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम भेटलं की ते त्यालाच चिकटतं आणि रक्तात कमी उतरतं.

म्हणून एआरटीची गोळी अशा औषधांच्या 2 तास आधी किंवा 6 तास नंतर घ्यायची. कॅल्शियम आणि लोह जेवणासोबत एआरटीबरोबरच घेतलं तरी चालतं. ॲसिडिटीच्या औषधाला ही सवलत नाही. गरोदर बाईने रक्तवाढीच्या गोळ्या बंद मुळीच करू नयेत, वेळ तेवढी केंद्रात विचारून घ्यावी. मंडूरभस्मात लोह आणि शंखभस्मात कॅल्शियमच असतं, हेही तिथे सांगावं.

आणि ताकदीच्या औषधांनी 'प्रतिकारशक्ती वाढवणं'? एचआयव्ही हा विषाणू प्रतिकारशक्तीच्याच, जाग्या झालेल्या सीडी-4 पेशींत जोमाने वाढतो. इंटरल्युकिन-2 देऊन या पेशी वाढवण्याचे दोन मोठे प्रयोग झाले; निष्कर्ष 2009 मध्ये आले. साडेपाच हजारांहून अधिक रुग्ण. पेशींची संख्या वाढली, पण आजारपण आणि मृत्यू काही कमी झाले नाहीत. टांझानियात एआरटीसोबत जीवनसत्त्वांचे मोठे डोस दिले, तर फायदा दिसेना आणि यकृताला त्रास होण्याची चिन्हं दिसू लागली. तो प्रयोग मुदतीआधीच थांबवला.

तेव्हा वजन उतरत असेल, अशक्तपणा जात नसेल, तर ताकदीच्या महागड्या डब्याआधी टीबीची तपासणी आणि व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाची तपासणी) करून घ्यावा. एआरटी घेणाऱ्यांसाठी या दोन्ही तपासण्या सरकारी यंत्रणेत मोफत होतात.