ट्रॅक्टरवरची यारी आणि तिचा हिशेब



क्रेनला आम्ही कामगार मंडळी यारी म्हणतो. गोदीतली ही यारी आता शेताच्या बांधावर आली आहे. द्राक्षाच्या आणि डाळिंबाच्या बागांत जे छोटे ट्रॅक्टर फिरतात, त्यांच्यामागे पाइपाची एक भुजा जोडावी, टोकाला साखळी व आकडा लावावा, की विहिरीवरचा पंप, दगडी खांब, खताची पोती उचलण्याची सोय होते. ज्या ओझ्याला चार माणसांचे खांदे लागत, ते एका माणसाच्या हाताने हलते. माणसाच्या पाठीवरचे ओझे कमी करणारे कोणतेही साधन आम्हाला प्रियच आहे. तथापि गावच्या कारागिराने वेल्डिंग कितीही पक्के केले, तरी यारीला आणखी एक गोष्ट लागते, आणि ती म्हणजे हिशेब.

प्रथम रचना पाहू. ट्रॅक्टरच्या मागे खाली दोन व वर एक असे तीन दुवे असतात. हॅरी फर्ग्युसन यांची ही योजना १९३६ पासून विक्रीस आलेल्या फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरवर होती. आज ती सर्वत्र दिसते. खालचे दोन दुवे तेलाच्या दाबाने वर-खाली होतात, वरचा दुवा अवजाराला मागे कलंडू देत नाही. आपली भुजा या तीन ठिकाणी पिनांनी अडकवायची असते.

आता बैलगाडी आठवा. मागे माल जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. ट्रॅक्टरचेही तसेच आहे. मागचा आख हा टेकू. ओझे त्याच्या एका बाजूस, पुढच्या चाकांवरचे वजन दुसऱ्या बाजूस. वजनाला अंतराने गुणावे व दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात, एवढेच गणित.

समजा, ट्रॅक्टर ८०० किलोचा आहे, पैकी पुढच्या चाकांवर ३०० किलो आहेत आणि दोन आखांत दीड मीटर अंतर आहे. ३०० गुणिले दीड म्हणजे ४५०. आकडा मागच्या आखापासून २ मीटर असेल, तर २२५ किलोला पुढची चाके जमीन सोडतात. पण तोपर्यंत थांबून चालत नाही. पुढे निदान १६० किलो, म्हणजे एकूण वजनाचा पाचवा हिस्सा, राहिला नाही तर चाक वळवले तरी ट्रॅक्टर वळत नाही. तेव्हा खर्चायला उरले १४० किलो. गुणिले दीड म्हणजे २१०. भुजा स्वतः ४० किलोची व तिचा मध्य आखापासून १ मीटरवर असेल, तर त्यातले ४० गेले. राहिले १७०. त्याला २ ने भागा: ८५ किलो! आठशे किलोचा ट्रॅक्टर दोन मीटरवर सपाट जमिनीवर एवढेच उचलू शकतो. तेच ओझे एक मीटरवर आणले तर १७० किलो चालते. म्हणून "ही यारी किती उचलते?" हा प्रश्नच अपुरा आहे, "किती अंतरावर किती?" असे विचारावे.

दुसरी गोष्ट पिनांची. आकडा खालच्या दुव्यांच्या १.३ मीटर मागे आणि वरचा दुवा त्यांच्याहून ४५ सेंटिमीटर उंच असेल, तर ओझ्याच्या जवळजवळ तिप्पट ओढ वरच्या दुव्यावर येते. ८५ किलोला ती सुमारे २४५ किलो होते. तेथे पिनेऐवजी साधा बोल्ट घालू नये.

तिसरी गोष्ट कप्पीची. टोकाला एक कप्पी टांगून खाली उभ्या माणसांनी दोर ओढला, तर ओझे आणि ओढ दोन्ही टोकावर येतात. ८५ चे १७० होतात. त्यापेक्षा चेन-ब्लॉक बरा. चौथी गोष्ट हिसक्याची. भार एकदम पडला तर स्थिर भाराच्या दुप्पट ताण येतो. म्हणून सावकाश उचलावे, ओझे जमिनीलगत ठेवावे, उतारावर वळू नये.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या २९ व्या कलमात असे होते की, उचलण्याच्या यंत्रावर सुरक्षित भार स्पष्ट लिहावा, चाचणीखेरीज त्याहून अधिक भार घालू नये, आणि बारा महिन्यांतून एकदा तरी जाणकाराकडून कसून तपासणी करावी. असे नियम सहज मिळालेले नाहीत; त्यांच्यामागे कामगारांचे तुटलेले हात आहेत. तो कायदा कारखान्यांपुरता होता. बांधावरच्या यारीकडे इन्स्पेक्टर येत नाही. पण लोखंडाला बांध आणि कारखाना यांतला फरक कळत नाही.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. आपला ट्रॅक्टर वजनकाट्यावर न्या. पुढची व मागची चाके वेगवेगळी तोला. वरच्या रीतीने हिशेब करा. हिशेबाच्या सव्वापट वाळूची पोती, आसपास कोणी नसताना, वीतभर उचलून पाहा व मग वेल्डिंगचे सांधे तपासा. नंतर भुजेवर रंगाने लिहा: २ मीटरवर इतके, १ मीटरवर इतके. हे आकडे मालकासाठी नव्हेत. यारी बांधणाऱ्याला तिची ताकद ठाऊक असते, पण तिच्याखाली दगड सरळ करायला उभा राहतो तो रोजंदारीवरचा गडी, आणि त्याला कोणी काही सांगितलेले नसते. त्याला तो आकडा वाचता आला पाहिजे, आणि तो वाचून "मालक, हे जास्त होते" असे त्याला म्हणता आले पाहिजे. असे म्हणणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही, एवढे मालकाने पाहावे.