‘दुर्लक्षित’ लिहिण्याआधी: १९८९चा एक अल्बम आणि माझी परत आलेली सिनॉप्सिस

सिनॉप्सिसमधला सगळ्यात धोक्याचा शब्द कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी ‘दुर्लक्षित’ असं उत्तर देईन. दुर्लक्षित कवयित्री, दुर्लक्षित लोककला, ‘या विषयाकडे अभ्यासकांचे आजवर दुर्लक्ष झाले आहे’ अशी वाक्यं आपण सगळेच लिहितो. पेटच्या मुलाखतीत तर ते वाक्य पाठच असतं. मीही लिहिलं होतं. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचा विषय होता, ‘१९८६ ते १९८९ या काळातील दुर्लक्षित हार्ड रॉक आणि मेटल अल्बम: एक समाजशास्त्रीय अभ्यास’. सोबत चाळीस अल्बमांची यादी. ती सिनॉप्सिस परत आली तेव्हा गाईड मॅडमनी त्या एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारून तीन प्रश्न लिहिले होते: कोणी केलं? कधी केलं? कशावरून?

या तीन प्रश्नांनी माझे चार महिने खाल्ले. तुमचे वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला या संगीताशी काही देणंघेणं नसलं तरी चालेल. तुमचा विषय भारुडं असो की बखरी, अडचण हीच येणार आहे.

माझी चाळीसची यादी कुठून आली होती ते आधी सांगते, म्हणजे चूक लगेच दिसेल. ‘तुम्ही न ऐकलेले ऐंशीच्या दशकातले अल्बम’ छापाच्या याद्या वाचून मी ती जमवली होती. आता बघा, एखादा अल्बम अशा पाच याद्यांमध्ये सापडतो, याचा अर्थ काय? पाच जणांनी त्याची आठवण ठेवली आहे. दुर्लक्षित म्हणून यादीत आलेला अल्बम हा दुर्लक्षितांमधला सगळ्यात जास्त लक्ष गेलेला असतो. ज्याच्याकडे खरोखर कुणीच पाहिलं नाही, तो अशा कुठल्याच यादीत नसतो. मी दुर्लक्षाचा अभ्यास करायला निघाले होते आणि सॅम्पल उचललं होतं लक्ष गेलेल्यांचं.

सगळ्यात लाज वाटली ती क्वीन्सरायकच्या ‘ऑपरेशन: माइंडक्राइम’मुळे. १९८८चा अल्बम. माझ्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर होता, कारण जिथे तिथे त्याला ‘अंडररेटेड’ म्हटलेलं वाचलं होतं. मॅडमनी विचारलं, खप किती? मी शोधलं. अमेरिकेतल्या मुख्य चार्टवर तो ५० व्या क्रमांकापर्यंतच गेला, हे खरं. पण पुढच्याच वर्षी गोल्ड, म्हणजे पाच लाख प्रती, आणि १९९१ पर्यंत प्लॅटिनम, म्हणजे दहा लाख. दहा लाख प्रती गेलेल्या वस्तूकडे दुर्लक्ष झालं असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? हळूहळू खपलेला अल्बम आणि न खपलेला अल्बम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो मी यादीतून काढला.

मग वेळ आली माझ्या लाडक्या अल्बमवर. ब्लॅक सॅबथचा ‘हेडलेस क्रॉस’, १९८९. माझ्या मामाकडे त्याची भरून घेतलेली कॅसेट होती, लेबलवर बॉलपेनने ‘सॅबथ ८९’ एवढंच लिहिलेलं. मी शाळेत असताना ती इतकी ऐकली की दुसऱ्या बाजूला टेप ओढली जायला लागली होती. खरं सांगायचं तर अख्खा विषयच मी या एका कॅसेटसाठी घेतला होता. तेव्हा कबूल केलं नसतं.

सॅबथ म्हटलं की लोकांना ऑझी ऑझबर्न आठवतो, थोड्या जाणकारांना रॉनी जेम्स डिओ. टोनी मार्टिन हे नाव सहसा येत नाही. या माणसाने सॅबथचे पाच अल्बम गायले आहेत. पहिला १९८७चा ‘द इटर्नल आयडॉल’. तोही गंमतशीर प्रकार: आधी रे गिलन नावाच्या गायकाने सगळी गाणी गाऊन ठेवली होती, तो सोडून गेला आणि मार्टिनने त्याच सुरावटींवर नव्याने गायलं. ‘हेडलेस क्रॉस’ दुसरा. त्यात ड्रम्सवर कोझी पॉवेल, एका गाण्यात क्वीनच्या ब्रायन मेचं गिटार. हेडलेस क्रॉस हे बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला रेडिच गावातल्या एका भागाचं नाव आहे. इतकी भारदस्त माणसं असूनही हा अल्बम कुणाला माहीत नाही, म्हणजे दुर्लक्षितच ना?

चार्ट काढून बघितले. इंग्लंडमध्ये आधीचा अल्बम ६६ पर्यंत गेला होता, ‘हेडलेस क्रॉस’ ३१ पर्यंत. अमेरिकेत आधीचा १६८, हा ११५. म्हणजे १९८९च्या एप्रिल-मेमध्ये दुकानात उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेने पाहिलं तर हा बँड खड्ड्यातून वर येत होता! तेव्हाच्या श्रोत्यांनी दुर्लक्ष केलं, असं म्हणायला जागाच नाही. अमेरिकेत थंड, इंग्लंडमध्ये बरं, एवढंच म्हणता येतं.

मग विसर कुठे पडला? इथे ‘कधी?’ हा पेन्सिलीतला दुसरा प्रश्न कामाला आला. डिओ परत आला आणि १९९२मध्ये एक अल्बम करून गेला. मार्टिन पुन्हा आला. १९९७मध्ये मूळ मंडळी ऑझीसकट एकत्र आली आणि मैफली गाजल्या. मधल्या काळातलं बरंचसं काम आय.आर.एस. या कंपनीकडे होतं, ती १९९६मध्ये बंद झाली. २००६मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये सॅबथला घेतलं तेव्हा नावं चारच होती: ऑझी, आयोमी, बटलर, वॉर्ड. मार्टिन नाही, कोझी पॉवेल नाही, डिओसुद्धा नाही. आणि या सगळ्या वर्षांत ‘हेडलेस क्रॉस’ बाजारातून जवळपास नाहीसा होता. जुन्या प्रती होत्या, पण नवी आवृत्ती नाही आणि अधिकृत स्ट्रीमिंगवर तर नाहीच. ३१ मे २०२४ रोजी ‘अ‍ॅनो डॉमिनी १९८९–१९९५’ हा संच आला, तेव्हा तो नीट परत मिळायला लागला.

म्हणजे ज्याला मी श्रोत्यांचं दुर्लक्ष समजत होते, तो बऱ्याच अंशी पुरवठ्याचा प्रश्न निघाला. वस्तू दुकानात नसेल तर गिऱ्हाईक तिच्याकडे दुर्लक्ष करतं असं आपण म्हणत नाही. ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला दोन महिने लागले, कारण मला गोष्ट वेगळी हवी होती. मला अन्याय हवा होता. एक थोर कलाकृती, ती न समजलेलं जग आणि तीस वर्षांनी तिला न्याय देणारी मी. सिनॉप्सिस लिहिताना तुमच्या मनात अशी काही गोष्ट तयार असेल तर तिच्याकडे संशयाने बघा. ती चुकीचीच असेल असं नाही, पण पुरावा गोळा करायच्या आधीच तयार झालेली आहे.

आता ‘कशावरून?’ मी वर चार्टचे आकडे तुमच्या तोंडावर फेकले. ते कसे तयार व्हायचे? १९९१पर्यंत अमेरिकेतलं बिलबोर्ड मासिक निवडक दुकानांकडून विचारपूस करून चार्ट बनवायचं. दुकानदार सांगायचा की या आठवड्यात माझ्याकडे हे पहिलं, ते दुसरं. किती प्रती विकल्या तो आकडा नाही, फक्त क्रम, आणि तोही माणसाच्या सांगण्यावर. २५ मे १९९१च्या अंकापासून साउंडस्कॅनची पद्धत आली: काउंटरवर बारकोड स्कॅन होणार आणि तेच मोजलं जाणार. पुढे काय झालं बघा. महिन्याभरातच स्किड रो या हार्ड रॉक बँडचा ‘स्लेव्ह टू द ग्राइंड’ पहिल्याच आठवड्यात थेट पहिल्या क्रमांकावर. ऑगस्टमध्ये मेटॅलिकाचा काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम, तोही थेट पहिला. जुन्या पद्धतीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरलेले अल्बम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्या उन्हाळ्यात अमेरिकेत अचानक मेटलचे श्रोते जन्माला आले नव्हते. तराजू बदलला होता.

आता ‘हेडलेस क्रॉस’चा तो ११५ हा आकडा परत बघा. तो जुन्या तराजूवरचा आहे. खोटा नाही, पण ११५ आणि ९५ यांतला फरक खरा किती, हे त्यावरून ठामपणे सांगता येत नाही. १९८९चा क्रमांक आणि १९९२चा क्रमांक शेजारीशेजारी ठेवून ‘लोकप्रियता घटली’ किंवा ‘वाढली’ असं लिहिणं तर सरळ चूक. मी पहिल्या मसुद्यात नेमकं तेच केलं होतं, वर रंगीत आलेखही काढला होता. तुमच्या विषयातही असा एखादा तराजू बदललेला असेल: जनगणनेची व्याख्या बदललेली, परीक्षेचा पॅटर्न बदललेला. आकडा घेण्याआधी तो कोणी, कसा मोजला हे विचारायचं.

खऱ्या अर्थाने त्या काळात दुर्लक्ष झालेला अल्बम माझ्या यादीत नव्हताच का? होता. स्वीडनच्या कँडलमासचा ‘एपिकस डूमिकस मेटॅलिकस’, १९८६. ब्लॅक डॅगन नव्हे, ब्लॅक ड्रॅगन (टाइप करताना माझी नेहमी हीच चूक होते) या फ्रेंच कंपनीने काढला, खप इतका कमी झाला की कंपनीने बँडलाच नारळ दिला. कारण ऐकलं की कळतं. त्याच वर्षी स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’ आला होता: दहा गाणी, २९ मिनिटांच्या आत खेळ खलास. सगळ्यांची शर्यत वेगाची. आणि इथे हे लोक सहा गाण्यांना ४० मिनिटांच्या वर घेतात. विलंबित लयीत चाललेलं जड गिटार, त्यावर जवळजवळ ऑपेरासारखा गळा. द्रुत चालू असताना कुणीतरी विलंबित सुरू करावं तसं. आज ‘डूम मेटल’ या प्रकाराचं नाव घेतलं की या अल्बमचं नाव घ्यावंच लागतं. गायक योहान लेंगक्विस्ट तेव्हा फक्त रेकॉर्डिंगपुरता आला होता. २०१८मध्ये तो परत आला आणि पुढच्या वर्षीच्या त्यांच्या अल्बममधल्या एका गाण्यात, जमलंय बघा, सॅबथच्या टोनी आयोमीनेच गिटार वाजवलं.

तर इथे खप कमी आणि नंतरचा प्रभाव मोठा. ‘हेडलेस क्रॉस’मध्ये खप बरा आणि उपलब्धता शून्य. टेक्सासच्या किंग्ज एक्सचा ‘ग्रेचेन गोज टू नेब्रास्का’ (१९८९) घेतला तर तिसरंच काही दिसतं: जड रिफ आणि त्यावर चर्चमधल्या समूहगायनासारखे सूर. हा कोणत्या खणात ठेवायचा, हेच ठरवता येत नाही. सेल्टिक फ्रॉस्टचा ‘कोल्ड लेक’ (१९८८) तर त्याच्या कर्त्यानेच नाकारला. २०१७मध्ये त्यांचे जुने अल्बम पुन्हा निघाले तेव्हा तो त्यात घेतलाच नाही. या चौघांना एका शब्दाखाली बसवून मी ‘कारणमीमांसा’ करणार होते!

आणि एक गोष्ट मॅडमनीही विचारली नव्हती, मला उशिरा सुचली. १९८८मध्येच मुंबईच्या रॉक मशीन या बँडचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आला. स्वतःची इंग्रजी गाणी, हार्ड रॉक, गिटारवर महेश तिनईकर. पुढे १९९३मध्ये याच बँडने इंडस क्रीड असं नाव घेतलं. माझ्या चाळीसमध्ये हा अल्बम नव्हता. मी मुंबईपासून तासाभरावर राहते, आणि माझी यादी मात्र अमेरिका-इंग्लंडमधल्या लोकांच्या विसरण्यावर बेतलेली होती. ‘कोणी दुर्लक्ष केलं?’ या प्रश्नाचं एक उत्तर ‘मी’ असंही होतं.

आता काम कसं चाललंय ते थोडक्यात. याद्या बंद. एक कंपनी आणि एक वर्ष घ्यायचं आणि त्या वर्षी तिने काढलेलं सगळं ऐकायचं, आवडो न आवडो. मी बर्लिनची नॉइज रेकॉर्ड्स घेतली आहे. तिच्याकडे हॅलोवीन आणि क्रिएटरसारखे गाजलेले बँड होते, व्हॉइव्हॉड आणि कोरोनरसारखे आडवाटेचेही होते, आणि ज्यांचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं असेही. प्रत्येक अल्बमसमोर चार वेगळे रकाने: तेव्हाचा खप, तेव्हाची परीक्षणं, नंतरची उपलब्धता, नंतरचे उल्लेख. ‘दुर्लक्षित’ नावाचा रकाना नाही. तेव्हाची परीक्षणं आधी वाचायची आणि आजची नंतर, कारण एकदा ‘काळाच्या पुढचा अल्बम’ हे शब्द वाचले की कान तेच शोधत बसतात. आणि ऐकताना कोणती आवृत्ती ऐकली ते लिहून ठेवायचं. रीमास्टर केलेल्या आवृत्तीत आवाजाची पातळी आणि समतोल बदललेला असू शकतो. १९८९च्या श्रोत्याने ती ऐकलेलीच नव्हती. अर्थात मामाची भरलेली कॅसेट हीसुद्धा ‘मूळ’ नव्हे, हे मला मान्य करावं लागलं.

शेवटी मॅडमना विचारलं, नव्या आराखड्यातून ‘हेडलेस क्रॉस’ वगळू का? तो नॉइजचा नाही, आणि मला त्याच्याबद्दल काही तटस्थपणे बोलताच येत नाही. त्या म्हणाल्या, पद्धतीच्या प्रकरणात एक परिच्छेद त्याच्यावर लिही, कॅसेटसकट. तो परिच्छेद गेला आठवडाभर लिहिते आहे, अजून ‘थोर’ हा शब्द दोनदा राहिलाय.