पहाटेची गाडी

आमच्या घरात मे महिन्याच्या सहलीचा विषय दिवाळीच्या फराळाबरोबरच निघतो. याला कारण आहे तीन वर्षांपूर्वीची अजिंठ्याची सहल. डबे भरता भरता आमचं चितेगाव सोडायलाच साडेनऊ वाजले. सिल्लोड ओलांडून घाट उतरलो, फर्दापूरला गाडी लावली आणि बसने लेण्यांपाशी पोहोचलो, तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. वाघूर नदीच्या वळणावरचा तो नालाकृती काळा कडा सकाळपासून तापून नुसत्या झळा मारत होता. धाकटीचं अंग तापलं, पायऱ्यांवरच तिला उलटी झाली. पहिल्याच लेण्यातला पद्मपाणी न पाहता आम्ही परतलो. पुढचे दोन दिवस ताक, मीठ-साखरेचं पाणी आणि ओल्या पंच्याच्या घड्या यांत गेले.

आपल्याकडे आधी ठिकाण ठरतं, मग सुटी आणि निघायची वेळ मात्र आवरेल तेव्हा. मराठवाड्यात उन्हाळ्यात हा क्रम नेमका उलटा हवा.

आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला वीस अंशांच्या जरासे अलीकडे राहतो. म्हणून २० मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. त्यानंतरही जमीन तापतच राहते, त्यामुळे खरी काहिली दुपारी तीनच्या आसपास होते. पण आपली हवा कोरडी. रात्री जमीन भराभर निवते आणि सूर्योदयाच्या वेळी सगळ्यात गार असते. पाच ते दहा हेच आपले प्रवासाचे तास. त्यापुढे छप्पर शोधायचं आणि पुन्हा साडेपाचला बाहेर पडायचं.

या हिशेबात वेरूळ चपखल बसतं. वेरूळची लेणी सूर्योदयाला उघडतात, अजिंठ्याची नऊ वाजता. शिवाय वेरूळचा डोंगर पश्चिमेला तोंड करून उभा आहे. सूर्य त्याच्या पाठीमागून वर येतो, त्यामुळे सकाळी बराच वेळ लेण्यांचे दर्शनी भाग सावलीत असतात. पावणेपाचला चितेगाव सोडलं तर लेणी उघडता उघडता आपण कैलासाच्या प्रांगणात असतो. गार दगडावर हात ठेवून मुलांना तिथला दगडी हत्ती निवांत दाखवता येतो. शनिवार-रविवारी वाटेतल्या दौलताबादच्या अरुंद दिल्ली दरवाजात गाड्या अडकतात. वेरूळला मंगळवारी सुटी, सोमवारी घृष्णेश्वराला गर्दी. राहिले बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार. कंपनीत रजा टाकायची तर याच तीन दिवसांतली टाकावी. अजिंठा मी आता श्रावणासाठी राखून ठेवतो. तेव्हा वाघूर वाहती असते.

वेरूळहून खुलताबादमार्गे म्हैसमाळ गाठावं. ते हजार मीटरच्या थोडं वर आहे, म्हणजे चितेगावापेक्षा साधारण पाचशे मीटर उंच. हजार मीटरला साडेसहा अंश या हिशेबाने फरक पडतो जेमतेम तीन अंशांचा. महाबळेश्वरच्या गारव्याची अपेक्षा ठेवून जाऊ नये. पण संध्याकाळी कड्यावर जो वारा सुटतो, त्यासाठी एक मुक्काम जरूर करावा. फक्त चैत्र पौर्णिमा टाळा. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री भद्रा मारुतीच्या दर्शनाला निघालेल्यांनी खुलताबादचा रस्ता भरलेला असतो.

चार दिवस असतील तर भंडारदरा. माळीवाड्याला समृद्धी महामार्गावर चढलं की शिर्डीपर्यंतचा रखरखीत टप्पा उन्हाआधी मागे पडतो. मग संगमनेर, अकोले आणि चढत जाणारी हिरवाई. मेअखेरीपासून तिथे काजवे दिसू लागतात आणि शनिवारी रात्री काजव्यांपेक्षा हेडलाइटच जास्त चमकतात. मधल्या वारी जावं, दिवे बंद करून झाडांपासून लांब उभं राहावं.

समृद्धीवर निघण्याआधी टायरची हवा घरीच, टायर थंड असताना तपासा. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, दबून दबून तापतो आणि वेगात फुटतो. १२० ची मुभा आहे म्हणून काटा १२० वर ठेवायची गरज नाही, मी नव्वदच्या पुढे जात नाही. उन्हात उभ्या बंद गाडीत मुलाला पाच मिनिटंही ठेवू नका. काचेतून ऊन आत शिरतं आणि उष्णता आतच कोंडते. गाडीत बसण्याआधी चारही दारं उघडून ती बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा.

खाण्याला घरचंच बरं. दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि बाटलीत कैरीचं पन्हं. ओल्या नारळाची चटणी नेऊ नये, दुपारपर्यंत आंबते. माझे वडील जीपच्या आरशाला कापडी छागळ टांगायचे. कापडातून पाझरणारं पाणी वाऱ्याने उडतं आणि आतलं गार होतं. कोकणच्या दमट हवेत ही युक्ती फारशी चालत नाही, आपल्याकडे मस्त चालते. मी ती पुन्हा शिवून घेतली आहे.

येत्या मे महिन्यातल्या दुसऱ्या बुधवारभोवती धाकटीने पेन्सिलीने गोल काढला आहे. त्याखाली तिच्या अक्षरात लिहिलंय: गजर, पावणेचार.