नोंद कुणाच्या नावाची?

१५ ऑगस्ट १९९५ला सरकारी दूरसंचार कंपनी व्हीएसएनएलने इंटरनेट सामान्य ग्राहकांसाठी खुलं केलं, तेव्हा पहिल्या चार शहरांत लखनौ नव्हतं. तिथल्या चौक आणि अमीनाबादच्या, चिकनचं भरतकाम विकणाऱ्या दुकानदारांचं त्यावाचून अडतही नव्हतं. गिऱ्हाईक स्वतः दुकानाच्या पायऱ्या चढत होतं. डॉट इनची नावं २००५ मध्ये त्यांचा कारभार पाहणाऱ्या निक्सीने सर्वांसाठी खुली केली आणि साध्या दुकानालाही इंटरनेटवर आपलं नाव, म्हणजे डोमेन, घेता येऊ लागलं.

घोळ इथेच झाला. नाव घेण्याचं काम दुकानदारांनी वेबसाइट बनवणाऱ्यावर सोपवलं. त्याने ते आपल्याच ईमेलवर, आपल्याच खात्यात घेतलं; बहुतेकदा लबाडीने नव्हे, सोय म्हणून. डोमेनची नोंद हा त्या नावाचा सातबारा असतो. पैसे कुणीही भरलेले असोत, नावं नोंदवणारा रजिस्ट्रार ओळखतो तो नोंदीतल्या माणसाला. त्याने गाव सोडलं, धंदा बदलला किंवा रिन्यू करायचं विसरला, की वर्षानुवर्षं छापलेल्या पिशव्यांवरचा पत्ता निकामी.

डिसेंबर २००८ मध्ये लखनौच्या चिकनकारीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. अख्ख्या शहराच्या कलेचं नाव कायद्याने राखलं गेलं, पण ती विकणाऱ्या कित्येक दुकानांची स्वतःची नावं परक्याच्या पासवर्डमागे राहिली, हे मला फार सलतं.

कायदा अगदीच हतबल नव्हता. सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच डोमेनला ट्रेडमार्कसारखं संरक्षण दिलं होतं. पण तिथे भांडण होतं प्रतिस्पर्ध्याने मिळतंजुळतं नाव घेतल्याचं. आपणच सांगून दुसऱ्याच्या खात्यात घ्यायला लावलेलं नाव सोडवायचं, तर लेखी करार लागतो, आणि तोच बहुधा नसतो. मे २०१८ मध्ये युरोपचा गोपनीयता कायदा लागू झाल्यावर डोमेनधारकांची नावंही सार्वजनिक नोंदींतून बरीचशी झाकली गेली. आपलं डोमेन कुणाच्या नावावर आहे, हे बाहेरून पाहणंही अवघड झालं. मार्च २०२०च्या टाळेबंदीत दुकानं बंद पडली, तेव्हा वेबसाइटवर नवा फोन नंबर टाकायलाही ज्यांना दुसऱ्याची मनधरणी करावी लागली असेल, त्यांची तगमग समजू शकते.

म्हणून माझा आग्रह क्रमाचा आहे. डोमेन आणि होस्टिंग आधी आपल्या ईमेलवर, आपल्या मोबाइलवर ओटीपी येईल असं घ्यावं. डेव्हलपर नंतर शोधावा आणि त्याला कामापुरताच प्रवेश द्यावा.

वेबसाइटच्या कोडचं प्रकरण आणखी नाजूक. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पगारी नोकराने नोकरीत लिहिलेला कोड सहसा मालकाचा होतो. बाहेरच्या डेव्हलपरने लिहिलेला मात्र, वेगळं ठरलं नसेल तर, त्याचाच राहतो. हक्क सहीनिशी लिहून घ्यावे लागतात. त्या कागदावर मुदत नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर फक्त भारत. दुबई-लंडनला कुर्ते पाठवणाऱ्याने हे दोन्ही रकाने सहीआधी भरून घ्यावेत.