माळ्याला बोलावलं, विद्यार्थ्याला आणलं

डिसेंबर २०२४ मधली कोल्हापूरची ती घटना अनेकांच्या लक्षात असेल. हृदयविकाराचा झटका आलेल्या एका वयस्कर गृहस्थांना डॉक्टरांनी मृत ठरवलं. घरी अंत्यविधीची तयारी सुरू झाली. रुग्णवाहिका घराकडे निघाली असताना गतिरोधकावर आदळली आणि त्यांची बोटं हलताना घरच्यांना दिसली. गाडी तशीच दुसऱ्या रुग्णालयाकडे वळवली, अँजिओप्लास्टी झाली आणि पंधरवड्याने गृहस्थ चालत घरी आले. बातमी वाचून जो तो एकच विचारत होता : मधल्या वेळात त्यांना काय दिसलं? गृहस्थांनी सांगितलं ते एवढंच, की फेरफटका मारून आलो, चहा घेतला, गरगरलं, उलटी झाली; पुढचं काही आठवत नाही.

मरणाच्या दारातून परत आलेल्या बहुतेकांचं उत्तर हेच असतं. ते सहसा छापून येत नाही, म्हणून आपला समज उलटा होतो. नेदरलँड्समधले हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा रुग्णालयांत, हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या ३४४ रुग्णांना गाठलं. २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निबंध आला. त्या वेळचं काही आठवणारे निघाले ६२, म्हणजे १८ टक्के. बाकी २८२ जणांची पाटी कोरी. हृदय किती वेळ बंद होतं, कोणती औषधं दिली होती, यांचा अनुभव येण्या-न येण्याशी मेळ बसेना. यावरून लोमेल पुढे ‘जाणीव मेंदूबाहेरही असू शकते’ इथपर्यंत गेले. मला ती उडी पटत नाही. कारण सापडलं नाही याचा अर्थ कारण मेंदूबाहेर आहे, असा होत नाही. पण आकडे प्रामाणिक आहेत आणि ते डोळ्यांपुढे ठेवूनच या विषयात शिरावं.

या विषयाची सुरुवात सहसा अमेरिकेच्या रेमंड मूडी यांच्या १९७५ च्या ‘लाइफ आफ्टर लाइफ’ या पुस्तकापासून सांगतात. बोगदा, पलीकडचा प्रकाश, वरून दिसणारं स्वतःचं शरीर, भेटायला आलेले दिवंगत आप्त, हा सगळा ऐवज त्या पुस्तकाने घरोघर पोहोचवला. पण त्याच्या ८३ वर्षं आधी झुरिकमध्ये एका भूगर्भशास्त्रज्ञाने हा प्रश्न जास्त चोखपणे हाताळला होता. त्याचं नाव आल्बर्ट हाइम.

१८७१ मध्ये विशीतला हाइम झेंटिस नावाच्या शिखरावरून बर्फातून उतरत होता. वाऱ्याने टोपी उडाली, ती धरायला हात पुढे केला आणि तोल गेला. सुमारे वीस मीटरचा कडा. तेवढं अंतर कोसळायला जेमतेम दोन सेकंद लागतात, हे अकरावीच्या सूत्रातूनही निघेल. त्या दोन सेकंदांत हाइमच्या मनात काय काय आलं ते बघा : काठी सोडायची नाही, उपयोगी पडेल. चष्मा काढून फेकावा, काचा डोळ्यांत घुसतील. खाली जिवंत पोहोचलो तर आधी ओरडून सांगायचं की मी ठीक आहे, म्हणजे वर उभे असलेले भाऊ आणि मित्र सावरतील. खिशातल्या बाटलीतल्या औषधाचे दोन थेंब जिभेवर घ्यायचे. पाच दिवसांनी विद्यापीठात व्याख्यान आहे, ते आता होणार नाही. मग सगळं आयुष्य रंगमंचावर चालावं तसं पुढून सरकलं. भीती नाही, वेदना नाही. आदळल्याचा धप्प आवाज तेवढा ऐकू आला.

हाइमने हा अनुभव कुठल्या दैवी कृपेच्या खात्यावर टाकला नाही. कड्यावरून पडून वाचलेले गिर्यारोहक, छपरावरून कोसळलेले गवंडी अशांच्या हकिगती त्याने पुढे अनेक वर्षं गोळा केल्या आणि १८९२ मध्ये स्विस आल्पाइन क्लबपुढे मांडल्या. बहुतेकांचं सांगणं त्याच्यासारखंच होतं. त्यामागे मोठी कणव होती : ज्यांची मुलं, भाऊ डोंगरात गेले, त्यांना हाइमला सांगायचं होतं की शेवटच्या क्षणी त्यांचे हाल झाले नाहीत. (याच माणसाने आल्प्सच्या रचनेवर मूलभूत काम केलं, बलूनमधून आल्प्स ओलांडला आणि स्विस पहाडी कुत्र्यांच्या जाती टिकाव्यात म्हणून जिवाचं रान केलं. त्याची पत्नी मारी हाइम-फ्योग्टलिन ही स्वित्झर्लंडची पहिली महिला डॉक्टर.)

हाइमच्या हकिगतीत एक मोलाची गोष्ट आहे. पडताना त्याचं हृदय धडधडत होतं, मेंदूला रक्त पोहोचत होतं. म्हणजे ‘प्राणवायू कमी पडला की असं दिसतं’ हे ठरलेलं उत्तर इथे लागू पडत नाही. आता आपण मरणार, एवढी खात्री पुरेशी होते. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच असे अनुभव सांगणाऱ्या ५८ जणांचे वैद्यकीय कागद तपासून एक निबंध आला. त्यांतले ३० जण प्रत्यक्षात मृत्यूच्या जवळपासही नव्हते. त्यांना तसं वाटलं होतं, इतकंच.

आता भारतात येऊ. इथे मला एका संशोधक बाईंबद्दल मन लावून लिहायचं आहे, कारण या विषयावरच्या लोकप्रिय पुस्तकांत त्यांच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’मधल्या चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ सतवंत पसरीचा. व्हर्जिनिया विद्यापीठाचे इयान स्टीव्हन्सन यांच्यासोबत त्यांनी उत्तर भारतातल्या १६ प्रकरणांवर १९८६ मध्ये निबंध लिहिला. पुढे कर्नाटकातल्या खेड्यांत घरोघर जाऊन ‘तुमच्याकडे कोणी मरून परत आलंय का’ अशी चौकशी केली.

उत्तर भारतातल्या प्रकरणांतलं एक मी विसरू शकत नाही. दहाएक वर्षांचा मुलगा तापाने गेला म्हणून स्मशानात नेला. तिथे जिवाची काही चाहूल लागली, रुग्णालयात हलवलं, इंजेक्शनं झाली आणि तीन दिवसांनी तो शुद्धीवर आला. पुढे मोठेपणी त्याने मुलाखतीत सांगितलं : दोघे जण न्यायला आले. चालून चालून पाय भरून आले, तेव्हा त्यांनी ओढत नेलं. समोर काळाकभिन्न, उघडा पुरुष बसलेला. तो दूतांवर भडकला. आमची बाग वाळत चाललीय, मी माळ्याला आणायला सांगितलं होतं, तुम्ही त्याच नावाच्या विद्यार्थ्याला घेऊन आलात! मुलगा शुद्धीवर आला तेव्हा भोवती जमलेल्या गर्दीत तो माळी धडधाकट उभा होता. दुसऱ्या दिवशी तो वारला, असं सांगतात.

माळ्याच्या मृत्यूचा भाग ऐकीव आहे आणि अशा गोष्टी सांगता सांगता नीटस होत जातात, म्हणून तो मी बाजूला ठेवतो. पण बाकीचा ढाचा प्रकरणामागून प्रकरणात येत राहतो. न्यायला दूत येतात. कोणी वही किंवा कागद उघडून बसलेलं असतं. नोंदीत चूक निघते. परत पाठवणी होते. अमेरिकी माणसाला ‘तुझं काम अजून उरलंय’ असं सांगून मायेने परत पाठवतात. आपल्याकडे चुकीचा माणूस आणला म्हणून हाकलतात. बोगदा जवळपास नाही, वरून स्वतःचं शरीर पाहणंही फारसं नाही. चित्रगुप्ताची वही लहानपणापासून ऐकलेल्या समाजात वही दिसते.

कोकणात दशावतार पाहिला असेल त्यांना हे चटकन उमगेल. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली असते : कोण कुणाला आव्हान देणार, शेवटी कोण जिंकणार. संवाद नट तिथल्या तिथे रचतो, ज्या गावात प्रयोग आहे तिथले संदर्भ घालतो. संकटात सापडलेला मेंदू बहुधा असा एक सांगाडाच पुरवतो : आपण इथून सुटलो, कुठेतरी निघालो, अधिकार असलेलं कोणीतरी भेटलं, परत फिरलो. त्यावरचे संवाद, वेशभूषा आणि पात्रं ज्याच्या त्याच्या घरातून येतात.

पसरीचांना हा अर्थ पूर्ण मान्य नव्हता. माणसामाणसाला मृत्यूनंतर वेगवेगळं जग भेटत असेल, ही शक्यता त्यांनी आणि स्टीव्हन्सननी उघडी ठेवली; पुनर्जन्माच्या प्रकरणांवरही दोघांनी पुष्कळ काम केलं. त्या निष्कर्षांशी माझं जमत नाही. त्यांच्या नोंदींविषयी मात्र मला आदर आहे, कारण स्वतःच्या मताला गैरसोयीचं होतं तेही त्यांनी लिहून ठेवलं. १९९३ मध्ये ब्रिटनच्या सुसान ब्लॅकमोर यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त जाहिरात देऊन अनुभव मागवले आणि भारतीयांनाही बोगदा दिसतो असा दावा केला. पसरीचा आणि सहकाऱ्यांनी त्याला उत्तर दिलं : तुमच्या प्रश्नांतच बोगदा होता. या वादात मी पसरीचांच्या बाजूने आहे. मूठभर इंग्रजी वृत्तपत्र वाचकांची पत्रं आणि खेड्यात बसून घेतलेल्या मुलाखती यांना एका तागडीत घालता येत नाही.

सांगाडा मेंदू कसा उभा करतो, याचे तुकडे हाती लागले आहेत. १९९४ मध्ये जर्मनीत ४२ निरोगी तरुणांना काही सेकंद भोवळ आणली, तर त्यांच्यातल्या काहींनी प्रकाश पाहिला, काहींनी स्वतःचं शरीर बाहेरून पाहिलं. २००२ मध्ये जिनिव्हात ओलाफ ब्लांके यांनी अपस्माराच्या एका रुग्ण बाईंच्या मेंदूच्या उजव्या बाजूला एका ठिकाणी सौम्य विद्युतप्रवाह दिला. त्या छताशी तरंगू लागल्या. खाली पलंगावर काय दिसतं? फक्त माझे पाय आणि कमरेखालचा भाग, असं त्या म्हणाल्या. प्रवाह थांबला, अनुभव थांबला.

पण इथेही दुसऱ्या टोकाचा उतावळेपणा आहे. २०२२ मध्ये जगभर मथळे झळकले की मरताना आयुष्याचा चित्रपट डोळ्यांपुढून जातो हे सिद्ध झालं. मूळ निबंधात रुग्ण एक. वय ८७, डोक्याला मार लागून रक्तस्राव झालेला, झटके येत होते, ते थांबवायची औषधं चालू होती. मेंदूतल्या लहरी नोंदवणारी ईईजी सुरू असताना हृदय थांबलं आणि आधी-नंतरच्या तीस-तीस सेकंदांत गॅमा लहरींचं प्रमाण बदललेलं दिसलं. ते गेले, काय पाहिलं हे कोणी विचारू शकलं नाही. २०२३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या जिमो बोर्जिगिन यांनी व्हेंटिलेटर काढलेल्या चौघांपैकी दोघांत अशाच लहरी उसळलेल्या दाखवल्या. काम उत्तम आहे, पण त्या दोघांनाही पूर्वी झटके आले होते. आत्मा सापडला म्हणणारे आणि चित्रपट सापडला म्हणणारे, दोघेही पुराव्याच्या फार पुढे धावतात.

वरून स्वतःचं शरीर दिसतं हा दावा तपासायला संशोधक सॅम पार्निया यांनी तर रुग्णालयांत छताजवळ फळ्या बसवून, फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली. २०१४ मध्ये निकाल आला : हृदय बंद पडण्याच्या २०६० घटना, वाचलेल्यांपैकी १४० मुलाखती, प्रत्यक्ष ‘पाहिलं’ म्हणणारे दोन. दोघांचंही हृदय जिथे बंद पडलं तिथे फळी नव्हती.

म्हणून मला पसरीचांच्या पद्धतीची निकड वाटते. त्यांनी ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्या खेडुतांनी मूडीचं नावही ऐकलेलं नसणार. आता चित्रपट आणि यूट्यूब यांनी बोगदा नि प्रकाश गावोगाव नेला आहे, आणि वही उघडून बसलेला पुरुष एक दिवस कोणालाच दिसेनासा होईल. आज सत्तरी ओलांडलेली पिढी आहे तोवर आपल्या जिल्हा रुग्णालयांत हे काम सुरू व्हायला हवं. त्याला महागडं यंत्र लागत नाही. रुग्ण सावरल्यावर थोड्याच दिवसांत, मानसशास्त्राच्या प्रशिक्षित विद्यार्थ्याने एकच मोकळा प्रश्न विचारावा : मधल्या वेळातलं काही सांगाल का? बोगदा, प्रकाश, यम यांपैकी एकही शब्द विचारणाऱ्याच्या तोंडून निघू नये. उत्तर रुग्णाच्याच बोलीत जसंच्या तसं उतरवावं, तारीख घालावी. आणि असं काही याआधी कुठे ऐकलं-पाहिलं होतं का, हे अगदी शेवटी विचारावं.